हाताचे दूध

केलगेरीच्या तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका कौलारू घराच्या परसात, आमच्या सरांचे काचघर होते. सकाळी सात वाजता गवळी फाटकाला सायकल टेकवून हाक देत असे, "सर, आज चहाचं किती आणि हाताचं किती?"

सर काचघरातूनच उत्तर देत, "चहाचं पाव, हाताचं अर्धा. आणि पाणी घालायचंच असेल तर चहाच्यात घाल रे. हाताच्यात नको."

नवख्या माणसाला या बोलण्याचा अर्थ लागत नसे. काचघराच्या दाराशी एका लाकडी स्टुलावर पितळेची परात असे आणि तिच्यात ते हाताचे दूध ओतलेले असे. आत जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शेतकरी असो, पत्रकार असो की सरांचा सख्खा भाचा असो, दोन्ही हात मनगटापर्यंत त्या दुधात बुडवायचे, बोट न् बोट चोळायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. एकदा हुबळीचे एक फुलांचे व्यापारी त्या परातीपुढे उभे राहून म्हणाले, "सर, अभिषेक देवाला करतात, भक्ताला नव्हे." सर गंभीरपणे म्हणाले, "देव आत आहेत. आजारी आहेत. तुमच्या हाताला काय लागलं आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही."

सर फुलझाडांचे रोग ओळखत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काचघर उभारले आणि पुढची वीस वर्षे त्यातच घालवली. शेवंती, ग्लॅडिओलस, निशिगंध, जरबेरा, जे फूल बाजारासाठी लावले जाते, त्याची पाने कागदात गुंडाळून धारवाड, कलघटगी, अळणावर या बाजूंचे शेतकरी त्यांच्याकडे येत. ते त्यांना 'हूविन डॉक्टर' म्हणत, फुलांचे डॉक्टर. बुरशी असेल, कीड असेल तर सर दोन मिनिटांत उपाय सांगून मोकळे होत. त्यांचे खरे लक्ष विषाणूंवर होते. विषाणू लागलेल्या झाडाला औषध नाही. त्यामुळे त्या बाबतीत त्यांच्यापाशी निकाल दोनच असत: ठेवा, किंवा उपटा. दुधाचे कारणही तेच. काही विषाणू माणसाच्या बोटांवरून झाडाच्या पानात शिरतात, आणि दुधातली प्रथिने त्यांना जखडून ठेवतात. हे शास्त्रात आहे. सरांनी त्याचा फक्त नित्यनेम केला होता.

मी त्यांच्याकडे चौदा वर्षे होतो. त्यांच्याविषयी लिहायचे तर त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी सांगून थांबता आले असते. लोक त्या आवडीने ऐकतात. पण मला ठाऊक असलेली एक गोष्ट त्यांच्या नावावर जमा आहे आणि ती त्यांची नव्हे. ती जागच्या जागी नेऊन ठेवल्याशिवाय त्यांचे चित्र पुरे होणार नाही.

सरांचे वडील धारवाडच्या न्यायालयात कारकून होते. त्या घरातली भाषा सरांनी झाडांना दिली होती. काचघरात चाकवताच्या कुळातल्या एका झाडाच्या कुंड्या रांगेने ठेवलेल्या असत. संशयित फुलझाडाची पाने खलात वाटायची, तो रस या झाडांच्या पानांवर बोटाने हलकेच चोळायचा आणि वाट पाहायची. रसात विषाणू असेल तर चार-सहा दिवसांनी त्या पानांवर फिकट ठिपके उठतात. सर या झाडांना 'साक्षीदार' म्हणत. शेतकऱ्याने निकाल विचारला की सांगत, "साक्ष व्हायची आहे. सोमवारी या." साक्षीदारांपुढे मोठ्याने बोललेले त्यांना खपत नसे. मी एकदा आत उभा राहून फोनवर भावाशी वाद घालत होतो. त्यांनी माझी बाही धरून मला बाहेर आणले आणि म्हणाले, "अहो सावकार, त्यांना साक्ष द्यायची आहे. त्यांचं मन का विचलित करता?" ही थट्टा होती की श्रद्धा, हे मला अखेरपर्यंत कळले नाही.

'सावकार' हे त्यांनी मला दिलेले संबोधन. आमच्या भागात दुकानदाराला असे म्हणण्याची रीत आहे, आणि माझे घराणे दुकानदारांचे. कोल्हापूरकडून आलेल्या आजोबांनी हुबळीच्या बाजारात तंबाखूचे दुकान घातले. ते आज माझे भाऊ चालवतात. मी वनस्पतिशास्त्र शिकलो, दोन-तीन नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, आणि बरेच उशिरा सरांकडे मदतनीस म्हणून आलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझी पदवी विचारली नाही. "हात दाखवा," म्हणाले. मी हात पुढे केले. त्यांनी ते नाकापाशी नेऊन हुंगले.

"तंबाखू?"

"नाही सर. घरचं दुकान आहे. वास कपड्यांना लागतो."

ते मान हलवून म्हणाले, "असेल. घराचा वास जात नाही. पण इथे तंबाखूला मज्जाव आहे, का ते ठाऊक आहे?"

मला ठाऊक होते. तंबाखूच्या झाडाला लागणारा एक विषाणू फार चिवट असतो. पान वाळवा, कुटा, पुडीत भरा, वर्षभर दुकानात ठेवा, तो टिकून राहतो; चिमूट घेणाऱ्याच्या बोटांवर येतो आणि ते बोट ज्या पानाला लागेल त्या पानात उतरतो. मी हे सगळे सरांना धडा म्हणून दाखवावे तसे म्हणून दाखवले. ते प्रसन्न झाले. त्या वेळी माझ्या पँटच्या मागच्या खिशात चुन्याची डबी होती.

मी तेव्हा दिवसातून पाच-सहा वेळा तंबाखू खात असे. सरांकडे आल्यावर ती दोनवर आणली. घरामागच्या फणसाखाली जायचे, अंगठ्याने तळहातावर मळायची, दाढेत ठेवायची, नळावर हात धुवायचे आणि आत शिरताना परातीत हात बुडवायचे. दूध आहे म्हणजे काळजी नाही, असे मी स्वतःला समजावले होते. दुधाचा नेम सरांनी झाडांसाठी केला होता. मी त्याचा उपयोग स्वतःच्या सोयीसाठी करत होतो.

सरांच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. ते कोणाशी हस्तांदोलन करत नसत, दुरून नमस्कार करत. लग्नाला गेले की वधूवरांकडे पाहण्याआधी भिंगातून हार पाहत. एका समारंभात त्यांचा सत्कार होता. पाहुण्यांनी ग्लॅडिओलसचा मोठा गुच्छ त्यांच्या हाती दिला. लाल पाकळ्यांवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या होत्या आणि आयोजकांनी तो मुद्दाम निवडून आणला होता. सरांनी गुच्छ उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला आणि ध्वनिक्षेपकावरच विचारले, "ही फुलं कुणाच्या शेतातली? त्यांना आजच निरोप द्या. या रेघा नक्षीच्या नाहीत. झाड आजारी आहे." सभागृहात हशा पिकला. सर हसले नाहीत. भाषण न करता ते खाली उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेतकऱ्याच्या बांधावर हजर झाले. त्यांच्या मते सुंदर दिसणारा रोग हा सर्वांत वाईट रोग, कारण त्याला कोणी उपटत नाही.

कशावरही वाद वाढू लागला की ते 'इरली' म्हणत. कन्नडमधले 'असू दे'. गवळ्याने दुधात पाणी घातले तरी इरली, वीज गेली तरी इरली. फक्त परीक्षेच्या बाबतीत त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिथे ते पुन्हा करू म्हणत. एकदा ठिपके उठले तर पुन्हा, नाही उठले तरी पुन्हा. पुढे तयार पट्ट्या आल्या, रसाचा थेंब टाकला की रेघ उमटते अशा. बेंगळूरला नमुना पाठवून पक्का अहवाल मागवण्याची सोय झाली. सर ते सगळे वापरत. पण पट्टी ज्या विषाणूसाठी बनवली तोच दाखवते, आणि बेंगळूरच्या अहवालाला त्या काळी महिना लागे; म्हणून साक्षीदारांचे महत्त्व त्यांनी कमी केले नाही.

ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे ती अक्काची आहे.

अक्का कलघटगीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. नवरा वारल्यावर दहा गुंठ्यांत शेवंती करत असे. तिची शेवंती गर्द पिवळी नव्हती. हळदीत दूध कालवावे तसा तिचा रंग होता, आणि तो वाण त्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता. सासूने माहेराहून आणलेल्या चार रोपांपासून तो वाढला होता. फुलांचा बहर ओसरला की शेवंतीच्या बुडातून नवी रोपे फुटतात, त्यांना काश्या म्हणतात. दरवर्षी गावातले लोक अक्काकडून काश्या नेत आणि आपापल्या शेतात लावत. कोणी धान्य देई, कोणी एक दिवस तिच्या शेतात राबून जाई. अक्काची काशी लावली की फूल येतेच, असा तिचा लौकिक होता. गावात तिचा जो मान होता, तो या काश्यांमुळे होता.

त्या वर्षी शेजारच्या गावात शेवंतीची पाने गोळा होऊन झाडे खुजी राहिल्याचे ऐकू आले होते. अक्का घाबरली नाही, पण स्वतःहून सरांकडे आली. म्हणाली, "माझं झाड चांगलंच दिसायलंय सर. खरं, ह्या येळी वीस जणांस्नी देणार हाय. तुमी बघून 'व्हय' म्हटलासा की मी दिली."

सर मला घेऊन तिच्या शेतावर गेले. सोबत दुधाची बाटली होतीच. पाने तोडण्यापूर्वी त्यांनी माझ्या आणि स्वतःच्या हातांवर दूध घातले, मग अक्कालाही हात पुढे करायला सांगितले. ती पदर तोंडाला लावून हसली. "अगं बाई! सर, लगीन लावायलासा काय माझं ह्या वयात?"

"लग्न नाही अक्का, चौकशी आहे," सर म्हणाले. "चौकशीला स्वच्छ हातानं यावं."

परीक्षेचा दिवस मला स्पष्ट आठवतो. प्रथम, पाने ज्यात वाटतात त्या नुसत्या द्रावणाने चोळायची झाडे असतात, तुलनेसाठी. ती मी सकाळी केली. हात दुधात धुतलेले होते. मग सरांकडे कोणी भेटायला आले आणि ते पुढच्या ओसरीवर गेले. मी फणसाखाली गेलो. तंबाखू मळली, खाल्ली, थुंकलो, नळावर हात धुतले. परत आलो तर परातीतल्या दुधात माशी पडली होती. ते दूध ओतून टाकायचे, परात घासायची, स्वयंपाकघरातून नवे दूध आणायचे, म्हणजे ओसरीवरून सरांसमोरून जायचे, आणि माझ्या तोंडाला वास येत होता. मी दारात उभा राहून हात नाकाशी नेले. साबणाचा वास होता. मी उंबरा ओलांडला, अक्काच्या शेवंतीचा रस घेतला आणि ज्या बोटाने तंबाखूची चिमूट घेतली होती त्याच बोटाने तो साक्षीदारांच्या पानांवर चोळला. एकूण आठ कुंड्या.

पाचव्या दिवशी ठिपके उठले. आठही कुंड्यांवर. तुलनेची झाडे स्वच्छ होती.

सर बराच वेळ भिंग घेऊन वाकलेले होते. अक्काच्या झाडांवर एकही लक्षण दिसत नव्हते. पण शेवंतीत काही विषाणू वर्षानुवर्षे लपून राहतात, हे त्यांना माहीत होते. त्यांना परीक्षा पुन्हा करायची होती. पण अक्का दाराशी बसली होती. काश्या वाटण्याचा दिवस चार दिवसांवर आला होता, गावात पिकांवर मावा ही कीड पडू लागली होती, आणि मावा एका शेतातून दुसऱ्या शेतात रोग नेतो. आणखी आठ दिवस ती झाडे शेतात उभी ठेवणे म्हणजे खरोखर रोग असेल तर साऱ्या गावाला धोका. सर माझ्याकडे वळले.

"सावकार, हात धुतले होते ना?"

"हो सर."

"दुधानं?"

मी म्हणालो, "हो."

त्या क्षणी मला माशी आठवली. आठवली नाही असे म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवत नाही. मला ती दुधात पाय हलवताना दिसली आणि मी 'हो' म्हणालो.

सर अक्काजवळ खाली बसले. "अक्का, उपटावं लागेल. सगळं."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "सगळं म्हंजे? बांधाकडची चार तरी ऱ्हाऊ देत की. सासूच्या हातची हायत."

"एकही नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा तिने निम्मे शेत उपटून ढीग केला होता. मदतीला कोणाला बोलावले नव्हते. मी पुढे झालो तर म्हणाली, "नको. मी लावलंय, मीच काढतो." आमच्या सीमेकडच्या खेड्यांत बायका 'काढते' न म्हणता असेच बोलतात. ढीग पेटवला तेव्हा ओल्या पाल्याचा धूर जमिनीलगत पसरला आणि तिच्या घरात शिरला. शेजारच्या कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो कलघटगीच्या सगळ्या फूल-व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचला होता: अक्काच्या शेवंतीला रोग.

निघताना सरांनी एक झाड मुळासकट मागून घेतले. त्यांचा तो नेम होता. "फाशी दिली तरी फाईल ठेवायची असते," असे ते म्हणत. ते झाड त्यांनी परसाच्या दुसऱ्या टोकाला, जाळीच्या पिंजऱ्यात एकटे ठेवले.

चार महिन्यांनी सरांनी त्या झाडाची परीक्षा स्वतः केली. ठिपके उठले नाहीत. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. साक्षीदारांची पाने हिरवीगार राहिली. मी रोज त्या कुंड्यांजवळून जात होतो आणि रोज देवाला विनवीत होतो की एखादा तरी ठिपका उठू दे. त्या दिवसांत मी स्वतःविषयी जे ओळखले ते पुढे कधी विसरता आले नाही: एका बाईचे शेत खरोखर रोगट निघावे, अशी माझी प्रार्थना होती.

सरांनी अक्काच्या वेळची, साक्षीदारांची ठिपक्यांची पाने वहीत दाबून ठेवली होती. त्यांतली दोन त्यांनी बेंगळूरला पाठवली. अहवाल आला तो त्यांनी मला दाखवला नाही, आणि मी मागितला नाही. फक्त म्हणाले, "सावकार, उद्या कलघटगीकडे जायचं आहे. कुंडी गाडीत घ्या."

अक्का मक्याच्या शेतात होती. जिथे शेवंती होती तिथेच मका. सर बांधावर उभे राहिले, सत्तरी ओलांडलेला माणूस, पायांत धुळीने भरलेल्या चपला, आणि त्यांनी हात जोडले.

"अक्का, तुमच्या झाडाला काही झालं नव्हतं. चूक माझी."

तिला समजेना. "कसली चूक?"

"मी चुकीचं सांगितलं. तुमची शेवंती निरोगी होती. हे तिचंच झाड आहे. तीनदा तपासलं. पुन्हा लावा."

अक्काने कुंडीकडे पाहिले, हात लावला नाही. "तुमी सांगिटलासा म्हणून उपटलं सर. दुसऱ्या कुणी सांगिटलं असतं तर त्येला बांधावरनं हाकललं असतं."

"खरं आहे."

"आता तुमी म्हंतासा, काय बी नव्हतं. गाव काय म्हणंल? डॉक्टरला पटवला म्हणंल. माझ्या हातची काशी आता कोण न्हेणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "ठेवा तुमच्याकडंच. जगवा. माझ्याच्यानं आता हुणार न्हाई."

मी सरांच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. दोन पावले पुढे येऊन एक वाक्य बोलायचे होते. मी कुंडी उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.

 त्या दिवसानंतर साक्षीदारांना रस त्यांनी स्वतःच चोळला, पार अखेरपर्यंत, हात कापू लागल्यावरही. मला म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही आता नोंदीच तेवढ्या लिहीत जा." मी याला माझ्या अक्षराचे कौतुक मानले. मानायचे ठरवले. घरी गेलो त्या दिवशी चुन्याची डबी टाकून दिली आणि पुन्हा तंबाखूला शिवलो नाही. पण सोडली हे सांगायला धरली होती हे सांगावे लागते, म्हणून तेही कोणाला सांगितले नाही.

कलघटगीकडून पाने येणे हळूहळू कमी झाले. डॉक्टरांनी अक्काचे शेत चुकून जाळले, ही गोष्ट सरांनीच जो येईल त्याला सांगितली होती. "माझ्याकडून अशी चूक झाली आहे, हे ऐकून मग नमुना द्या," म्हणत. काही जण नमुना परत घेऊन जात. अक्काची शेवंती मात्र ते दरवर्षी काश्या काढून नवी करत, दरवर्षी तपासत, आणि बहरात तिच्यापाशी खुर्ची टाकून बसत.

शेवटच्या आजारात त्यांना घरीच ठेवले होते. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो आणि मला वाटले, आता बोलावे.

"सर, त्या शेवंतीच्या वेळी..."

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी पुढचा शब्द बोलेन म्हणून ते थांबले होते, हे आज मला कळते. मी बोललो नाही. मग ते म्हणाले, "तिला पाणी घातलं का?"

"घातलं."

"इरली," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ते गेल्यावर घर आवरताना त्यांच्या टेबलाच्या खणात ती वही मिळाली. नोंदी सगळ्या माझ्या अक्षरात. एक पान त्यांच्या. अक्काच्या परीक्षेची तारीख, खाली वाळलेले पान डकवलेले, आणि त्याखाली: 'तंबाखूचा विषाणू. झाडातला नव्हे, हातावरचा.' एक ओळ सोडून, कापऱ्या अक्षरात: 'हात माझा.'

त्या परातीपाशी सरांनी कधी चूक केली नव्हती आणि आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. हे त्यांना जितके ठाऊक होते तितकेच मला. मी सांगेन म्हणून ते सात वर्षे थांबले, आणि मी सांगितले नाही तेव्हा माझ्या जागेवर स्वतःचे नाव लिहून त्यांनी वही मिटली. रागावले असते तर मला माफी मागता आली असती.

यंदा बहर ओसरल्यावर, काश्या हाताएवढ्या झाल्या तेव्हा, एक कुंडी घेऊन मी कलघटगीची बस धरली. अक्का ओसरीवर मक्याची कणसे सोलत बसली होती. केस पांढरे झाले होते. मला ओळखून म्हणाली, "बसा. सर गेल्यालं कळलं. चांगला माणूस, खरं एकदा चुकला."

"ते चुकले नाहीत अक्का," मी म्हणालो, आणि उभ्यानेच सगळे सांगितले. फणस, तंबाखू, माशी. ती कणीस हातात धरून ऐकत होती.

"त्येनी इचारलं न्हवतं तुमास्नी?"

"विचारलं."

"मग?"

"हात दुधानं धुतले होते असं सांगितलं."

"धुतलं हुतं?"

"नाही."

तिने कणीस टोपलीत ठेवले. "म्हंजे लबाड बोललास." तुमीवरून ती तूवर आली होती. "आनि त्यो म्हातारा माझ्या बांधावर हात जोडून उभा ऱ्हायला, तवा तू मागं हुतास."

"होतो."

"गप."

"गप्प होतो."

घरात कुकरची शिटी झाली. ती उठली नाही.

"हे मला सांगून काय हुतंय? गावाला सांग. ज्येनी ज्येनी फोटू बघिटला, त्येस्नी सांग. बाजारात फुलं मोजायलेत तितं उभं ऱ्हाऊन सांग, तुझ्या नावानं."

"सांगतो."

"तू म्हंतोस." ती कुंडीकडे वळली. पानांआड दोन उशिराची फुले होती, तोच रंग. तिने एक पान उलटे करून पाहिले, मग बुडाशी बोट घालून काश्या मोजल्या. "परवा बाजार हाय. मी बी येतो. माझ्या म्होरं सांगायचं."

"हो."

"मागच्या येळी बी 'हो'च म्हटलंतास."

 ती उठली आणि बांधाच्या दिशेने बोट करून म्हणाली, "तितं लाव. सासूची चार हुती तितंच." मी वाकून कुंडीतल्या झाडाला हात घालणार तोच म्हणाली, "थांब."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. सकाळचे दूध होते, वर साय धरलेली. सरांनी तिच्या हातांवर दूध घातले होते ती जागा आम्ही उभे होतो तिथून दहा पावलांवर असेल.

"हात फुडं कर."

मी हात पुढे केले. ती ओतत राहिली. घाई केली नाही. दूध कोमट होते. तांब्या रिकामा होईपर्यंत तिने एकदाही माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. ती माझी बोटे पाहत होती, एकेक करून.